झेडपीची निवडणूक विधानसभेबरोबरच उरकून टाकली तर?

भुदरगडी (धागाकर्ता, ऑक्टोबर २०२५)

आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला दूध संस्थेची भिंत आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात गावातल्या एका दादांनी तिच्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, खाली मोठ्या तांबड्या अक्षरांत ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’. त्यावरून चार पावसाळे गेले. नाव शेवाळानं खाल्लं, फोटोच्या जागी नुसता पांढरा चौकोन उरलाय, पण ‘भावी’ अजून ठळक आहे. दादा अजून भावीच आहेत.

आपल्या कोल्हापूर झेडपीची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ला झाली. मुदत मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून प्रशासक. शहरवाल्यांचं दुखणं त्याहून जुनं, महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० लाच संपली. या मधल्या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळेवर. एक दिवस इकडं-तिकडं नाही. आता सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिलीय म्हणून हालचाल दिसतेय, परवा आरक्षण सोडतही झाली. पण तारीख कोर्टानं द्यावी लागली, हीच शरमेची गोष्ट आहे.

फरक काय पडतो म्हणाल, तर आमच्या शाळेचं सांगतो. दोन खोल्यांचं छत गळतंय. पूर्वी सदस्याला गाठायचं, तो सभेत बोंब मारायचा, काही नाही तर पत्रे तरी यायचे. गेल्या वर्षी आम्ही चौघं एका कार्यालयात तीन खेपा घालून आलो. प्रत्येक खेपेला “प्रस्ताव वर गेलाय” एवढंच उत्तर. शेवटी माजी सदस्यांच्या दारात गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “मी आता माजी. माझा फोन शिपाईबी उचलत नाही.”

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. विधानसभेची निवडणूक कुठलंही सरकार पुढं ढकलू शकत नाही, मग त्याच गाडीला झेडपीचा डबा जोडून टाका. एकच आचारसंहिता, मास्तरांना एकदाच ड्युटी, आणि ‘भावी’ला पाच वर्षांनी नक्की निकाल. यात चूक काय आहे ते सांगा.

मिसळकट्टा

डबा जोडला की लोक इंजिन बघून चढणार. डब्यात कोण बसलंय हे कोण बघतंय?

निवृत्तमास्तर

ड्युटीचा विषय काढलात म्हणून लिहितो. २०१७ ला मी केंद्राध्यक्ष होतो, पन्हाळ्याच्या पश्चिमेला. झेडपीला मतदाराला दोन मतं द्यायची असतात, एक गटासाठी, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघासाठी, आणि एक पंचायत समितीच्या गणासाठी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सकाळी पहिल्या तासातच एक म्हातारी एक बटण दाबून बाहेर आली आणि शाई सुकवायला बोट फुंकत दाराकडं निघाली. मशीनचा लांब आवाज काही येईना, मागं रांग थांबलेली. मी म्हणालो, “आजी, अजून एक मत राहिलंय.” आजी म्हणाली, “एकच सांगितलंय मला.”

आता यात विधानसभेचं मशीन आणि व्हीव्हीपॅट घाला. तीन मतं झाली. एक देश एक निवडणूक आलं तर लोकसभेचं चौथं. यंत्रं तरी एकाच मालकाची आहेत का? विधानसभा केंद्रीय निवडणूक आयोग घेतो, झेडपी राज्य निवडणूक आयोग. निर्णय अधिकारी, नियम, फॉर्म सगळंच निराळं. एका वर्गखोलीत दोन आयोग बसवले तर रात्री साहित्य जमा करताना कुठलं पाकीट कुणाच्या टेबलावर द्यायचं, एवढ्यावरून पहाट होईल. खर्च वाचेल म्हणणाऱ्यांनी एकदा तालुक्याला साहित्य जमा करायच्या रांगेत रात्री एक वाजता उभं राहून बघावं.

तरीही, आचारसंहितेबद्दल भुदरगडी बोलले ते खरं आहे. वर्षात दोन-तीन वेळा आचारसंहिता लागते आणि शाळेच्या कामाची फाईल तिथंच बसते.

रंकाळा_संध्याकाळ

कोल्हापुरात हे चालणार नाही, आणि का चालणार नाही ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं पक्ष मुंबईत असतो, गावात असतो तो गट.

आठवा. २०१९ च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा. काँग्रेसचे सतेज पाटील आघाडीतल्या राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांच्या विरोधात आणि शिवसेनेचे मंडलिक निवडून आले. मे २०२१ ला गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे मुश्रीफ एका पॅनेलमध्ये, काँग्रेसचेच पी. एन. पाटील समोरच्या पॅनेलमध्ये महाडिकांबरोबर. आणि दोन महिन्यांत, जुलैला, याच सगळ्यांच्या राजकारणातून पी. एन. यांचे चिरंजीव राहुल पाटील झेडपीचे अध्यक्ष! एप्रिलमध्ये ज्यांच्या नावानं शिमगा केला त्यांनाच जुलैमध्ये पेढा.

हे सगळं जमतं कारण प्रत्येक निवडणूक वेगळ्या महिन्यात असते. मधल्या काळात गुलाल धुवून निघतो. एकाच दिवशी विधानसभा आणि झेडपी आली तर कार्यकर्त्यानं सकाळी कुणाची पत्रकं वाटायची आणि दुपारी कुणाची?

भुदरगडी

@रंकाळा_संध्याकाळ, मला तर हा फायदाच वाटतो की! एकाच दिवशी दोन टोप्या घालता येणार नाहीत. ज्याला घालायच्यात त्यानं सगळ्यांसमोर घालाव्यात.

रंकाळा_संध्याकाळ

घालतील. तुम्हाला कोल्हापूर माहीत नाही काय.

नणंदबाई

माझी वहिनी पंचायत समितीवर होती, म्हणून बाईच्या बाजूनं लिहिते. इथं आत्तापर्यंत सगळे पुरुष बोलतायत वाटतं.

निम्म्या जागा महिलांच्या आहेत. वहिनीला तिकीट मिळालं तेव्हा तिनं आयुष्यात माईक धरला नव्हता. पंधरा दिवस आम्ही दोघी वाडीवाडीवर फिरलो. एका घरात बाई शेण सारवत होती, हात तसेच ठेवून ती अर्धा तास बोलली. काय बोलली? प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणाला रात्री कुणी नसतं, आणि नळाला पाणी दिवसाआड, तेही पहाटे चारला. वहिनीनं वहीत लिहून घेतलं. पुढं सभेत तिचं पहिलं भाषण म्हणजे ती वहीच होती, वाचूनच दाखवली.

हेच २०२४ ला विधानसभेबरोबर असतं तर? सगळीकडं एकच बोलणं, लाडक्या बहिणीला पंधराशे की एकवीसशे, कुठली आघाडी, कुठली युती. डोक्यावर हेलिकॉप्टर. त्या आवाजात पहाटे चारच्या नळाचं कोण ऐकणार? वहिनीचा फोटो आमदारकीच्या उमेदवाराच्या फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. आणि निवडून आली तर ती आमदाराच्या उपकारावर आली, हे तिला पाच वर्षं ऐकावं लागणार.

मिसळकट्टा

@नणंदबाई, लई बेस्ट लिहिलंय. मी वर डब्याचं म्हणालो ते हेच.

शाहूपुरी_ते_कॅलिफोर्निया

मी गेली बारा वर्षं इकडं आहे. इथं हा प्रयोग झालेला आहे म्हणून सांगतो.

कॅलिफोर्नियात शाळा मंडळ, पाणी मंडळ, अग्निशमन मंडळ असे भरपूर छोटे छोटे डिस्ट्रिक्ट असतात आणि त्यांच्याही निवडणुका होतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी त्या विषम वर्षात, कधी मार्चमध्ये कधी नोव्हेंबरमध्ये, एकट्याच व्हायच्या आणि कुणी फिरकायचं नाही. २०१५ ला कायदा झाला, एसबी ४१५. ज्या स्थानिक निवडणुकीचं मतदान राज्याच्या आधीच्या चार सार्वत्रिक निवडणुकांच्या सरासरीपेक्षा २५ टक्के किंवा जास्त कमी पडतं, तिनं आपली तारीख बदलून राज्याच्या निवडणुकीबरोबर यायचं. लॉस एंजेलिस शहरानं त्याच वर्षी मतदारांना विचारून स्वतःच्या तारखा बदलल्या. तिथं २०१३ ला महापौर निवडताना जेमतेम २३ टक्के लोकांनी मतदान केलं होतं. तारखा जुळवण्यासाठी २०१७ ला निवडून आलेल्यांना एकदाच साडेपाच वर्षं दिली. पुढची महापौर निवडणूक २०२२ ला नोव्हेंबरमध्ये झाली, मतदान जवळपास दुप्पट.

आता दुसरी बाजू. मला मत नाही, बायकोला आहे. मतपत्रिका टपालानं घरी येते, आम्ही ती जेवणाच्या टेबलावर पसरतो आणि आमटीचे डाग पडणार नाहीत एवढं बघतो. वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेटर, मग राज्याचे ठराव, मग मागच्या बाजूला कुठंतरी पाणी मंडळाचे तीन उमेदवार. तिथपर्यंत येईतो तिचा उत्साह संपतो. “यातलं कोण माहितीय का तुला?” असं विचारते, मलाही माहीत नसतं, मग तो रकाना कोरा. असे कोरे रकाने सोडणारे खूप असतात. म्हणजे आलेले वाढतात, पण खालपर्यंत पोचणारे तेवढे वाढत नाहीत. तरीही एकूण बेरीज फायद्याचीच निघाली असं इथले लोक मानतात.

शिरोळचा_ऊस

२३ टक्के??? अहो, तेवढं मतदान आमच्याकडं सकाळी चहाच्या वेळेला होतंय.

२०२४ च्या विधानसभेला आपला जिल्हा राज्यात पहिला होता, ७६ टक्क्यांच्या वर. करवीर तर ८४ च्या पुढं. झेडपीलाही २०१७ ला सत्तरच्या पुढंच होतं. गोकुळला ठरावधारक (दूध संस्थांचा ठराव घेऊन मत देणारे) ९९ टक्क्यांच्या वर येतात, उरलेल्यात एखादा वारलेला असतो. ईर्षा आहे ओ, ईर्षा! दवाखान्यातनं सलाईन काढून माणसं आणतात मतदानाला. कॅलिफोर्नियाचं औषध तिकडच्या रोगावर. आमचा रोग मतदान कमी पडण्याचा नाहीच, मतदान न घेण्याचा आहे.

आणि तारखेचं म्हणाल तर विधानसभा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरला. तेव्हा आमचं काय चालू असतं? जयसिंगपूरची ऊस परिषद, दराचं आंदोलन, कारखान्याची तोड. टोळ्या आलेल्या असतात, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा. झेडपी फेब्रुवारीला असली की निदान तोड निम्म्यावर आलेली असते, बिलाचा पहिला हप्ता हातात असतो. माणूस जरा निवांत असतो. २०१९ आणि २०२१ ला महापुरात घरं गेली तेव्हा पुढचे तीन महिने आम्ही चिखलच काढत होतो. ऑगस्टमध्ये पूर आणि ऑक्टोबरमध्ये एकदम तीन निवडणुका, जरा इचार करा.

आकडेबाज

एक आकडा टाकून जातो. आयडीएफसी इन्स्टिट्यूटचा २०१५ चा अभ्यास आहे: लोकसभा आणि विधानसभा एकत्र असल्या तर मतदारानं दोन्हीकडं एकाच पक्षाला मत देण्याची शक्यता ७७ टक्के. झेडपीवर असा अभ्यास मी पाहिलेला नाही, पण डबा-इंजिनचा मुद्दा हवेतला नाही.

कुणी १९९९ चं उदाहरण देईल म्हणून आधीच सांगतो. तेव्हा महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या, लोकसभेला युतीच्या जागा जास्त आल्या आणि राज्यात सरकार मात्र काँग्रेस-राष्ट्रवादीचं. पण ते दोघं वेगवेगळे लढून नंतर एकत्र बसले होते. लोकांनी ठरवून वेगळं मत दिलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

कायद्याचं_बोला

धागा छान चाललाय, पण मुळातच अडचण आहे ती कुणी बघितली नाही.

घटनेचा अनुच्छेद २४३-ई वाचा. पंचायतीची मुदत पाच वर्षं, ‘त्याहून अधिक नाही’. म्हणजे लॉस एंजेलिससारखी साडेपाच वर्षं देता येत नाहीत. बरं, वाढवता येत नाही तर कमी करूया? झेडपीची निवडणूक आता झाली तर तिची मुदत २०३१ च्या सुरुवातीपर्यंत. विधानसभा २०२९ च्या शेवटी. समजा, २०२९ ला झेडपी बरखास्त केली आणि विधानसभेबरोबर निवडणूक घेतली. त्याच अनुच्छेदात पुढं लिहिलंय की मुदतीआधी बरखास्त झालेल्या पंचायतीच्या जागी निवडून येणारी पंचायत फक्त उरलेल्या काळापुरती असते. म्हणजे २०२९ ला निवडून आलेले सदस्य २०३१ ला परत लोकांच्या दारात! गाडी फिरून तिथंच. घटनादुरुस्तीशिवाय हा डबा जोडताच येत नाही.

एक देश एक निवडणुकीसाठी नेमलेल्या कोविंद समितीला हे माहीत होतं. मार्च २०२४ च्या अहवालात त्यांनी लोकसभा-विधानसभा आधी एकत्र आणि त्यानंतर १०० दिवसांच्या आत स्थानिक संस्था, अशी दोन टप्प्यांची शिफारस केली, सामाईक मतदार यादीसकट. डिसेंबर २०२४ ला लोकसभेत आलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात मात्र स्थानिक संस्था घेतलेल्याच नाहीत.

आणि विधानसभा तरी कुठं पाच वर्षं टिकते दर वेळी? १९७८ ला निवडून आलेली १९८० ला बरखास्त झाली होती. तेव्हा तिच्या गाडीला झेडपी जोडलेली असती तर इंजिनबरोबर डबाही घसरला असता.

आता लांबण्याबद्दल. जुन्या मुदतीच्या आत नवी निवडणूक पूर्ण करायची, हेही २४३-ई मध्येच आहे. २००६ च्या किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठासून सांगितलं. मग आपलं का लांबलं? मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गवळी निकालानं ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी, म्हणजे तीन अटी, आली, तिच्यासाठी बांठिया आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२२ ला आला, तोवर सरकार बदललं. आधीच्या सरकारनं वाढवलेली गटांची संख्या नव्यानं खाली आणली, त्यावर परत याचिका. यात तारीख चुकीच्या महिन्यात होती म्हणून काहीच अडलेलं नाही. गटरचना आणि आरक्षण वेळेत करायला लावणारं कुणी नव्हतं, म्हणून अडलं. निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं घ्यायची, आणि सदस्यसंख्येचा कायदा सरकारच्या हातात. सरकारला घाई नसली की आयोग हातावर हात ठेवून बसतो.

सीमाभाग

आमच्याकडं निपाणीला येऊन बघा. कर्नाटकात जिल्हा पंचायत, तालुका पंचायत शेवटची २०१६ ला झाली. मुदत २०२१ ला संपली, अजून पत्ता नाही. पक्ष वेगळे, सरकारं वेगळी, भाषा वेगळी. या एका बाबतीत मात्र दोन्ही राज्यांत सीमावाद नाही.

टोमणेबाज

वरच्यांना एक मिसळ माझ्याकडून. कट एक्स्ट्रा.

निवृत्तमास्तर

कायद्याचं_बोला यांनी सांगितलं त्यात एक भर. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० झेडपीला, अशी वाटणी आहे. आणि लोकांनी निवडलेले सदस्य नसतील तर केंद्र तो वाटा सोडत नाही. म्हणजे भुदरगडींच्या शाळेचे पत्रे अडण्यात प्रस्तावाबरोबर हेही असणार. प्रशासक वाईट असतो असं नाही हो, मी चांगले अधिकारी पाहिलेत. पण त्याची बदली होते. सदस्याला त्याच गावात म्हातारं व्हायचं असतं.

भुदरगडी

सगळ्यांचं वाचलं. रात्री जेवताना वडिलांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तू डबा जोडत बसलायस, इथं रूळच उखडलेत.”

मी माझं म्हणणं निम्मं मागं घेतो. नणंदबाईंनी पहाटे चारच्या नळाचं लिहिलं तिथंच गडबडलो होतो, आणि २४३-ई बघितल्यावर तर प्रश्नच मिटला. पण निम्मं ठेवतो. विधानसभेची तारीख माणसाला आधी पाच वर्षं माहीत असते तशी झेडपीचीही असली पाहिजे. फेब्रुवारी तर फेब्रुवारी. शिरोळकरांची तोडही निम्म्यावर येते. मुदत संपायच्या एक वर्ष आधी गटरचना आणि सोडत पूर्ण झाली नाही, तर जुन्याच रचनेवर आणि जुन्याच आरक्षणावर निवडणूक घ्यायची मुभा आयोगाला द्या, सरकारला विचारायचं कामच नाही. म्हणजे कुणी मुद्दाम वेळ काढला तरी त्याला काही मिळणार नाही. वकील मंडळींनी सांगावं हे बसतं का कायद्यात.

कायद्याचं_बोला

आरक्षणाचं फिरतं चक्र घटनेतच आहे, ‘जुन्याच आरक्षणावर’ म्हणाल तर कुणीतरी दुसऱ्या दिवशी कोर्टात जाईल. जुन्या गटरचनेपुरतं बसू शकतं. त्यासाठी १९६१ च्या झेडपी कायद्यात बदल लागेल, आणि तो विधानसभाच करणार. म्हणजे ज्यांना प्रशासक सोयीचा पडतो त्यांनीच तो गैरसोयीचा करायचा.

रंकाळा_संध्याकाळ

@कायद्याचं_बोला, प्रत्येक आमदाराला सोयीचा पडतो असं नाही हं. झेडपी नसली की कार्यकर्त्याला द्यायला काही नसतं. साडेतीन वर्षं नुसत्या ‘भावी’वर माणूस टिकवून धरणं सोपं आहे का? वाढदिवसाचे फ्लेक्स तरी किती लावणार.

मिसळकट्टा

भुदरगडी, ते भिंतीवरचे दादा लढतायत का या वेळी? उत्सुकता.

भुदरगडी

सोडतीत आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला. आज संध्याकाळी दूध घालायला गेलो तेव्हा पेंटर भिंतीवर होता. शेवाळ खरवडून झालं होतं. ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’ तसंच ठेवलंय, नुसता वरनं तांबडा हात फिरवला. नावाच्या जागी नवीन पांढरा पट्टा मारलाय आणि त्यावर आत्तापर्यंत एवढंच झालंय: ‘सौ.’ पुढचं नाव काय घालायचं म्हणून पेंटर दादांना फोन लावत होता, वहिनींचं नाव त्याला माहीत नव्हतं.